चित्रेचा फुगवटा

चैत्री पौर्णिमेला कोल्हापूर जिल्ह्यातले रस्ते जोतिबाच्या डोंगराकडे वळलेले असतात. त्याच रात्री नृसिंहवाडीच्या घाटावरून पूर्वेकडे पाहिले, तर चंद्राच्या आसपास एक निळसर पांढरा तारा दिसतो. पूर्णचंद्राच्या उजेडातही तो लपत नाही. ही चित्रा. चैत्राचे नाव तिच्यावरूनच पडले.

या चित्रेवरून महाराष्ट्राने मोठा वाद घातला आहे. निरयन राशिचक्राचा आरंभ रेवतीतल्या ताऱ्यापासून धरायचा की चित्रेच्या बरोबर समोरच्या बिंदूपासून, हा तो वाद. टिळक पंचांग रैवत पक्षाचे. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रापक्ष लावून धरला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीनेही १९५५च्या अहवालात चित्रेचाच आधार घेतला. एवढे गणित झाले, पण जिच्यावर ते उभे आहे ती चित्रा आहे तरी कशी, हे पंचांग पाहणाऱ्या घराघरांत कोणी सांगितले नाही.

चित्रा एक नाही, दोन आहेत. जर्मनीतल्या हेर्मान फोगेल यांनी १८९० मध्ये तिच्या वर्णपटावरून ते ओळखले. एक तारा सूर्याच्या सुमारे अकरा पट वजनाचा, दुसरा सात पट. चार दिवसांत एकमेकांभोवती फेरा पुरा करतात. दोघांत अंतर सरासरी दोन कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्य आणि बुध यांच्यातल्या अंतराच्या जेमतेम तिसरा हिस्सा. इतक्या जवळिकीने दोन्ही तारे एकमेकांच्या ओढीने लांबट झाले आहेत. या ताणाला मराठीत शब्द आहे फुगवटा, आणि कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या नृसिंहवाडीकरांना तो शिकवावा लागत नाही. कृष्णा भरून वाहू लागली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे थोपते, फुगवटा चढतो. एकीच्या भरतीने दुसरीची चाल बदलते, हे इथल्या माणसाने दर पावसाळ्यात पाहिलेले असते.

त्यात चित्रेतला मोठा तारा स्वतःही धडधडतो. त्याच्या पोटातल्या एका थरात लोहाचे अणू आतून येणारी उष्णता अडवतात. आधणावरचे झाकण वाफेने उचलावे, वाफ निसटताच खाली बसावे, तसा तारा फुगतो आणि आकसतो. एका ठोक्याला सुमारे चार तास दहा मिनिटे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस हे ठोके त्याच्या तेजात मोजता आले. पुढच्या काही वर्षांतच ते इतके क्षीण झाले की सापडेनात. नंतर कॅनडाच्या ‘मोस्ट’ या लहानशा उपग्रहाने ते पुन्हा टिपले. जवळचा सोबती ताऱ्याच्या धडधडीवर किती ताबा मिळवू शकतो, याचे नवल २०२० मध्ये दिसले. एचडी ७४४२३ हा दुसराच एक तारा सोबत्याच्या ओढीमुळे प्रामुख्याने एकाच अंगाने स्पंदन पावतो. त्याचा वेगळेपणा आधी लक्षात आला तो दुसऱ्या एका उपग्रहाच्या नोंदी हौसेने चाळणाऱ्या सामान्य माणसांच्या.

म्हणून दोन मागण्या आहेत. पंचांगकर्त्यांनी चैत्राच्या पानावर चित्रेची खरी ओळख चार ओळींत छापावी. आणि वाडीचे देवस्थान, ग्रामपंचायत आणि शिरोळ-कुरुंदवाडच्या शाळांनी मिळून चैत्री पौर्णिमेला घाटावर अर्धा तास चित्रादर्शनाचा ठेवावा. त्याला खर्च नाही. दुर्बीणही लागत नाही, कारण नेहमीच्या दुर्बिणीतूनही चित्रा एकच ठिपका दिसते. लागतो तो समजावून सांगणारा शिक्षक आणि घाटावरचे दिवे अर्धा तास मालवण्याची तयारी.

पावसाळ्यात वाडीला आलेला प्रत्येकजण आधी विचारतो, ‘पाणी कितव्या पायरीला आलंय?’ पाणी दत्तमंदिरातल्या पादुकांवरून दक्षिणदाराने बाहेर पडू लागले की लोक धावत येतात. नदीचा चढउतार पायरीपायरीने ध्यानात ठेवणाऱ्या या गावाला ताऱ्याचा चढउतार परका वाटणार नाही. चित्रेचे बोट धरून आपण महिने मोजत आलो. तिच्याकडे मान वर करून एकदा नीट पाहणे, एवढे तरी आपल्याकडून व्हावे.