वर्षभराच्या वाचनाचा जमाखर्च



६ डिसेंबर जवळ आला की आमच्या घरात दोन गोष्टींची बोलणी सुरू होतात. दादरला कोणत्या गाडीने जायचे, आणि शिवाजी पार्कवर पुस्तकांसाठी किती पैसे बाजूला काढायचे. यंदा पैसे काढण्याआधी गेल्या ६ डिसेंबरला घेतलेल्या पुस्तकांचा हिशेब मांडायचे आम्ही ठरवले. तो आपल्यापुढे ठेवतो. आपल्याही घरी असाच हिशेब निघण्यासारखा असेल.

याला कारण आमची मुलगी. कोपरखैरण्याला सिडकोच्या एका खोलीच्या घरात आम्ही राहतो. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पुस्तकांची फळी आहे. ती रोज पुसली जाते, पौर्णिमेला तिच्यावर फुले ठेवली जातात. गेल्या वर्षी मुलीने ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ खाली काढला, तर पावसाळ्याच्या ओलीने पाने एकमेकांना चिकटलेली. ती म्हणाली, “पप्पा, हे आपण वाचतो की नुसतं पुजतो?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेचा धोका सांगितला, आणि आम्ही त्यांची पुस्तकेच पुजत बसलो होतो! त्या दिवशी ठरले, की नवी पुस्तके आणायची ती वाचण्यासाठी, आणि फळीवरचा हा ग्रंथही पुरा करायचा.

आधी जमेची बाजू. जातिनिर्मूलनावरचे १९३६ सालचे भाषण आम्ही गाडीत वाचले. कामाला रबाळ्याला जायचे म्हणजे दोन स्टेशने. जाताना दहा मिनिटे, येताना दहा मिनिटे. तरी महिनाभरात ते दोनदा वाचून झाले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बोलावले, छापील भाषण पाहून संमेलनच रद्द केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते पदरच्या पैशाने छापून लोकांपुढे ठेवले. दारे बंद झाली तरी छापलेला शब्द घराघरांत पोचतो, हे त्यातून कळले.

दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) मुलाने वाचले. कावाखान्यातले दिवस वाचून तो म्हणाला, “स्वतःबद्दल इतकं खरं लिहायला छाती लागते.” ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) मुलांच्या आईने वाचले. चळवळीतल्या बायांना भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून केलेले ते काम आहे. वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन झाले, त्याला ती एकही दिवस चुकली नाही. आमच्या मात्र पाळ्यांमुळे बऱ्याच संध्याकाळी हुकल्या.

पण वर्षभरात घर हलवले ते बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ने (१९८६). फलटणच्या या बाईंनी आपले लिखाण कितीतरी वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. दुकानात पुडी बांधायला येणारी रद्दीची वर्तमानपत्रेही त्या वाचत. आमची आई सातारा जिल्ह्यातली, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली, निरक्षर. तिलाही ऐकता यावे म्हणून रात्री जेवणे झाल्यावर हे पुस्तक मोठ्याने वाचायचे ठरले.

दोन रात्री आईने हुंकार देत ऐकले. तिसऱ्या रात्री महारवाड्यातल्या सुनांच्या हालांचे वर्णन आले. कोवळ्या वयाच्या त्या पोरी, त्यांचे कष्ट, सासूचा जाच. आई एकदम उठली. “बंद कर ते. पोरांच्या म्होरं कशाला काढायचं?” म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दोन दिवस ती आमच्याशी बोलली नाही.

आम्ही पेचात पडलो. आईला दुखवून वाचायचे का? तिने जन्मभर झाकून ठेवलेले पुस्तकाच्या निमित्ताने उघडे करायचा आपल्याला काय अधिकार? मुलगी म्हणे, आमच्या आजीचे जिणे आम्हाला कळायलाच पाहिजे. दोघींचेही आम्हाला पटत होते. शेवटी आम्ही पुस्तक मिटून फळीवर ठेवले.

आठवडा गेला. रविवारी आई लसूण सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “त्या बाईच्या पुस्तकात म्होरं काय झालं?” आम्ही पुस्तक काढले आणि राहिलेले पान वाचले. ती ऐकत राहिली. मग आमच्या मंडळींकडे बघून म्हणाली, “माज्या सासूनं मला लई छळलं गं. आन् तू आलीस तवा मी बी तुला काय कमी बोलले न्हाई.”

घरात कोणी काही बोलले नाही. मुलांची आई उठली, सासूशेजारी जाऊन बसली आणि लसणाची परात अर्धी आपल्याकडे ओढून घेतली. सव्वीस वर्षांच्या संसारात या गोष्टीवर त्या दोघी कधी बोलल्या नव्हत्या. गावच्या लोकांनी आपल्याला काय केले ते आपण सभेत सांगतो. आपल्याच घरात आपण काय केले, ते बेबीताईंनी लिहिले म्हणून आईला बोलता आले.

आता खर्चाची बाजू. खैरमोडे यांच्या बारा खंडांच्या चरित्राचा पहिला खंड मोठ्या हौसेने आणला, तो निम्म्यावर अडला. अण्णा भाऊंची ‘फकिरा’ (१९५९) तर उघडलीही नाही. ओव्हरटाइमचे निमित्त आम्ही सांगू शकतो; पण रात्री अर्धा-अर्धा तास मोबाइल चाळायला वेळ मिळाला, तेव्हा ते निमित्त टिकत नाही. पैशाचे निमित्तही नको. रामजीबाबांनी भिवाच्या पुस्तकांसाठी लेकींकडे हात पसरला, त्यांचे दागिने गहाण ठेवले आणि पेन्शन आल्यावर सोडवून परत केले. आपल्यावर तेवढी वेळ नाही. नवी मुंबईकरांसाठी ऐरोलीला सेक्टर १५ मध्ये महापालिकेने उभारलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात ग्रंथालयही आहे.

तेव्हा यंदा शिवाजी पार्कवरून आम्ही दोनच पुस्तके आणणार. एक मुले निवडतील, एक आई. तिला नावे वाचून दाखवायची आणि ती बोट ठेवील ते घ्यायचे, असे ठरले आहे. खैरमोडे आणि ‘फकिरा’ मागील बाकी म्हणून पुढे ओढले आहेत. आपणही एखादे पुस्तक असे घरात मोठ्याने वाचून पाहा. वडीलधारे मधेच उठून गेले, तर पुस्तक मिटा, पण खूण घालून ठेवा.

जयभीम.