बीएनंतर नर्सिंग: पदवी शून्य, बारावी सर्वस्व

बीए किंवा बीकॉम झालेल्या मुलीने वा मुलाने नर्स व्हायचं ठरवलं, तर प्रवेशाच्या खिडकीवर पदवीचं सर्टिफिकेट कुणी हातातसुद्धा घेत नाही. मागतात ती बारावीची मार्कलिस्ट. तीन वर्षं कॉलेज केलं, समाजशास्त्र वाचलं, इंग्रजीचे पेपर दिले, त्या सगळ्याची किंमत या खिडकीवर शून्य. दुसऱ्या विषयात पदवी घेतलेल्या माणसाला आपल्याकडे नर्सिंगसाठी परत बारावी पास पोराच्या रांगेत उभं राहावं लागतं.

तरीही त्या रांगेत उभं राहावं, असं आमचं मत आहे. आणि ती रांग बदलण्यासाठी भांडावं, असंही. सीमाभागातल्या मराठी पोरांसाठी या दोन्ही गोष्टींना वेगळं वजन आहे, ते पुढे येईलच.

आधी रस्ता नीट समजून घेऊ, कारण याबाबतीत एजंट लोकांचंच जास्त ऐकलं जातं. आपल्याकडे रजिस्टर्ड नर्स व्हायचे मुख्य मार्ग दोन. एक, बीएससी नर्सिंग, चार वर्षांचं. त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून किमान ४५ टक्के आणि इंग्रजीत पास असावं लागतं, राखीव प्रवर्गांना सवलत असते. दुसरा, जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, तीन वर्षांचा डिप्लोमा, शेवटच्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसकट. त्याला बारावी कुठल्याही शाखेची चालते, एकूण ४० टक्के आणि इंग्रजीत पास. वयाची अट १७ ते ३५. म्हणजे आर्ट्सवाल्यांना दार बंद नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. मुलांनाही बंद नाही. एएनएम हा दोन वर्षांचा कोर्स तेवढा फक्त मुलींसाठी आहे. जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएससी करता येतं, आणि तिथून पुढे एमएससीचा रस्ता मोकळा होतो. बारावी आर्ट्सची आहे पण थेट बीएससीच करायचं आहे, तर एनआयओएसमधून विज्ञान विषय आणि इंग्रजी घेऊन बारावी दिलेली नियमात चालते. एक वर्ष जातं, पण ते तीन वर्षं ‘बघू की’ म्हणण्यापेक्षा बरं.

आता कॅलेंडर. आपली खरी गंमत इथंच होते. एकविसाव्या वर्षी बीए. मग एफडीए, एसडीए, पीडीओ, इकडे एमपीएससी, मधेच पोलीस भरती. लायब्ररीत डबा घेऊन पाच वर्षं कशी जातात कळत नाही. सव्विसाव्या वर्षी कुणीतरी नर्सिंगचं नाव काढतं. त्या वर्षी जीएनएमला प्रवेश घेतला तर एकोणतिसाव्या वर्षी नर्स. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीला, म्हणजे नॉरसेटला, जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. झाली एकतीस. आणि त्या परीक्षेची वयोमर्यादा आहे तीस. ओबीसींना तीन आणि एससी, एसटींना पाच वर्षांची सूट मिळते, बाकीच्यांचा दरवाजा तिथं बंद. हाच निर्णय एकविसाव्या वर्षी घेतला असता तर सव्विसाव्या वर्षी तोच माणूस सगळ्या अटी पूर्ण करून बसला असता. त्या पोस्टचा मूळ पगार ४४,९०० पासून सुरू होतो, भत्ते वेगळे. एफडीएचा क्लास लावणाऱ्या आमच्या वर्गातल्या किती जणांना हा आकडा माहीत आहे, असं विचारलं तर हात वर होत नाहीत.

खासगी हॉस्पिटलचं चित्र मात्र गोड करून सांगणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये नर्सेसच्या पगारावर केंद्राला समिती नेमायला लावली. समितीने सांगितलं: २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सएवढाच पगार, १०० च्या वर असतील तर १० टक्क्यांहून जास्त कमी नको, ५० ते १०० मध्ये २५ टक्क्यांहून कमी नको, आणि ५० च्या आतल्या छोट्या हॉस्पिटलातही २० हजाराच्या खाली नको. आरोग्य हा राज्याचा विषय, म्हणून अंमलबजावणी राज्यांवर सोडली. पुढे काय झालं ते आपल्या गल्लीत नर्सिंग होममध्ये ड्यूटी करणाऱ्या ताईला विचारा. २० हजार हा आकडा ऐकून ती हसेल. नाइट ड्यूटी, उभ्याने आठ-दहा तास, वर पेशंटच्या नातेवाइकांची अरेरावी. हे सगळं खरं आहे, आणि ते माहीत असूनच या रस्त्याला लागावं.

घरच्यांचं बोलणं वेगळंच. ‘ग्रॅज्युएट होऊन परत नर्सिंग? डोकं फिरलंय काय तुझं?’ यामागे पैशाचा हिशोब कमी आणि जुना समज जास्त असतो, की नर्सिंग म्हणजे गरीब घरच्या मुलीने करायची सेवा, आणि मुलगा ‘ब्रदर’ झाला तर लग्न कसं जमणार. या समजाला एक उत्तर पुरेसं आहे: देशात हजार माणसांमागे दोन नर्ससुद्धा भरत नाहीत, आणि जागतिक मापाने तीन तरी पाहिजेत. ज्या कामाला माणूस मिळत नाही तेच आपल्याकडे कमीपणाचं, आणि एका जागेला हजार अर्ज येतात ते मानाचं!

आता आपल्या मुद्द्यावर येऊ. बोर्डावरची मराठी, बसवरची मराठी, उताऱ्यावरची मराठी यासाठी आपण सत्तर वर्षं भांडतो आहोत. १५ टक्क्यांच्या निकषावर कागदपत्रं मराठीत मागतो, निवेदनं देतो, केसेस अंगावर घेतो. ते चालूच राहील. पण मराठी माणूस सगळ्यात जास्त मुका कुठं होतो? वॉर्डात. रात्री दोनला, खानापूरकडच्या एखाद्या वाडीतून आणलेली म्हातारी खाटेवर असते आणि सांगते, ‘बाई, जीव घाबरा होतोय.’ मराठी कळणाऱ्या नर्सला हे वाक्य म्हणजे धोक्याची घंटा आहे: नाडी बघ, बीपी बघ, ईसीजी काढायला सांग. मराठी न कळणाऱ्याला त्यातला फक्त ‘घाबरणं’ हा शब्द पोचतो आणि ‘आजी, घाबरू नका’ म्हणून ती पुढच्या खाटेकडे जाते. कळ मारणं वेगळं, चमक भरणं वेगळं, ठसठसणं वेगळं, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं वेगळं. डॉक्टर राउंडला पाच मिनिटं येतात. बाकीची रात्र नर्सच्या कानावर असते.

उलटंही तितकंच खरं आहे. बैलहोंगलकडचा शेतकरी ‘संकट’ म्हणतो तेव्हा तो आपल्या मराठीतलं संकट सांगत नसतो, त्याच्या पोटात, जिवाला काहीतरी होत असतं. ‘एदी नोव’ म्हणजे छातीत दुखतंय, हे कळायला आपल्याला डिक्शनरी लागत नाही. दोन्ही भाषा कानात घेऊन वाढलेली पोरं या पट्ट्यात आहेत, आणि वॉर्डात नेमकी तीच पाहिजेत. काही मित्रांना हे पटणार नाही. मराठीसाठी लढायचं आणि कन्नडमध्ये पेशंटची विचारपूस करायची, हे कसं? आमचं म्हणणं सरळ आहे. आपला झगडा सक्तीशी आहे, खाटेवरच्या कन्नड माणसाशी नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद केली, त्यात आजार आणि उपचार पेशंटला समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजेत असं आहे. हा हक्क आपल्या आजीला मिळावा म्हणून मागायचा, तर त्यांच्या आजीलाही द्यायला लागतो. आणि सनद भिंतीवर लावून काही होत नाही, ती बोलणारं माणूस वॉर्डात लागतं.

सीमेचा आणखी एक हिशोब आहे. नर्सची नोंदणी राज्याच्या कौन्सिलकडे होते. कर्नाटकात शिकून तिथल्या कौन्सिलकडे नाव लागलं, तर पुढे महाराष्ट्रात किंवा गोव्यात काम करायला परत शिकावं लागत नाही, एनओसी घेऊन नोंदणी दुसऱ्या कौन्सिलकडे नेता येते. जमिनीचा निकाल २००४ पासून कोर्टात आहे, रजिस्टरवरचं नाव मात्र अर्ज करून पलीकडे जातं. महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत ८६५ गावांतल्या, १५ वर्षं वास्तव्य असलेल्या मराठी भाषक उमेदवारांना अर्ज करता येतो, त्यासाठी विहित नमुन्यातला दाखला लागतो. जाहिरातीच्या पानभर अटींत ती ओळ खाली कुठंतरी असते, म्हणून आपली पोरं वाचतच नाहीत. गोव्याच्या सरकारी नोकरीत १५ वर्षांचा रहिवास आणि कोकणी लागते, तेव्हा बांबोळीची स्वप्नं बघणाऱ्यांनी ते आधीच धरून चालावं. कर्नाटकाच्या सरकारी भरतीत कन्नडची परीक्षा आहे. ती द्या आणि पास व्हा. सिव्हिलमधली जागा रिकामी सोडून आपण भाषेचं काही भलं करत नाही.

कॉलेज निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. ‘यायची गरज नाही, परीक्षेला तेवढं या’ असं सांगणारा एजंट भेटला तर तिथूनच परत फिरा. नियमाने थिअरी आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, आणि सर्टिफिकेट हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलचे तास शंभर टक्के भरावे लागतात. ते तास न भरता बाहेर पडलेल्या माणसाच्या हातात उद्या कुणाचं तरी सलाइन असणार आहे. कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का, त्यात खरोखर पेशंट असतात का, हे जाऊन बघा. एक चक्कर ओपीडीच्या वेळेला मारली की सगळं कळतं.

राहिला नियमाचा प्रश्न. अमेरिकेत दुसऱ्या विषयातल्या पदवीधरांसाठी नर्सिंगची वेगळी तुकडी असते. सेंट लुईस युनिव्हर्सिटीने अशी तुकडी १९७१ मध्येच काढली. आधीच्या पदवीतले सामान्य विषय जमेस धरतात, विज्ञानाचे कमी पडणारे विषय आधी पूर्ण करून घेतात, आणि मग साधारण वर्ष-दीड वर्षात नर्सिंगची पदवी. रजिस्टर होण्यासाठी एनक्लेक्स परीक्षा मात्र सगळ्यांना तीच. ब्रिटनमध्ये पदवीधरांसाठी दोन वर्षांचा मार्ग आहे, ऑस्ट्रेलियात दोन वर्षांचं मास्टर ऑफ नर्सिंग.

आणि आपल्याकडे? बीएससी नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला कम्युनिकेटिव्ह इंग्लिश, अप्लाइड सोशिऑलॉजी आणि अप्लाइड सायकॉलॉजी हे विषय आहेत. समाजशास्त्रात बीए झालेली मुलगी तिथं बसून परत कुटुंबसंस्था म्हणजे काय ते लिहिते. वॉर्डाचे तास कमी करा असं कुणी म्हणत नाही, एक तासही कमी करू नये. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी ज्यांना येत नाही त्यांना जास्तच शिकवा. पण जे विद्यापीठाच्या परीक्षेत एकदा सिद्ध झालं आहे ते जमेस धरायला काय हरकत आहे? १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा नवा कायदा केला. नवी यंत्रणा घडत असतानाच हे मागायला हवं, नियम छापून झाल्यावर नाही.

म्हणून आमच्या निवेदनात यंदा तीन मागण्या जातील. पदवीधरांसाठी विज्ञानाच्या ब्रिज कोर्ससह वेगळा प्रवेशमार्ग आणि सामान्य विषयांची सूट. पदवीनंतर नर्सिंगला आलेल्यांना भरतीच्या वयोमर्यादेत सवलत. आणि भाषिक अल्पसंख्याकांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर असलेल्या तालुक्यांतल्या सरकारी दवाखान्यांत प्रत्येक पाळीला त्यांची भाषा जाणणारी एक तरी नर्स. ही तिसरी मागणी सोलापूर, जत, अक्कलकोटच्या कन्नड पेशंटलाही लागू व्हावी, असं निवेदनात स्पष्ट लिहिणार आहोत. मसुदा तयार होतो आहे. बीए-बीकॉमनंतर नर्सिंग केलेले आपल्यात जे कुणी आहेत, त्यांनी कोणत्या वयात, कोणत्या मार्गाने आणि किती वर्षं घालवून रजिस्टर्ड झालो, एवढं चार ओळींत लिहून पाठवावं, नाव नको. आणि ज्यांचा यंदाचा प्रवेश आहे त्यांनी बारावीची मार्कलिस्ट आत्ताच ट्रंकेतून बाहेर काढून ठेवावी.