शाकारणी आणि शब्द

शिगमा सरला की आमच्या गोव्यात घरमालकाची नजर आपोआप छपराकडे वळते. मृग नक्षत्र लागेपर्यंत जेमतेम दोन महिने हाती असतात. तेवढ्यात वासे तपासायचे, फुटकी कौले बदलायची, पन्हळी साफ करायच्या. वडिलांच्या काळी हे काम चार दिवसांचे होते. यंदा त्याच कामाने मला दोन महिने झुलवले, आणि त्यात माझी जी परीक्षा झाली ती वाचकांपुढे मांडावीशी वाटते.

आमच्या वडिलोपार्जित घराच्या दक्षिणेकडील दोन खोल्या मी भाड्याने दिल्या आहेत. तेथे आरोग्य केंद्रातील एक परिचारिका, तिचे यजमान आणि पाच महिन्यांचे मूल राहते. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या स्वयंपाकघरात तीन ठिकाणी पातेली मांडावी लागली. "पुढच्या पावसाआधी छप्पर नीट करून देतो," असा शब्द मी तेव्हा दिला होता.

हिशेब सोपा होता. छप्पर सुमारे 45 चौरस मीटर. मंगळूरी कौले चौरस मीटरला साधारण 15 लागतात. म्हणजे एकंदर पावणेसातशे. त्यातली निम्म्याहून अधिक धड होती. तीनशे कौले आणली की काम झाले, अशा समजुतीने मी बाजारात गेलो आणि तेथे माझे गणित चुकले.

मंगळुरास बासेल मिशनच्या मंडळींनी 1865 साली या कौलांचा कारखाना काढला. पुढे तसे अनेक कारखाने निघाले आणि प्रत्येकाचा साचा थोडा निराळा राहिला. एका कौलाची खाच दुसऱ्याच्या कडेत बसते, म्हणून पाणी आत येत नाही. दोन कारखान्यांची कौले शेजारी ठेवली, तर बोटभर फट राहते. शिवाय रिपांमधले अंतर कौलाच्या लांबीवर ठरलेले असते. कौल बदलले की रिपाही उपटून पुन्हा ठोकाव्या लागतात. माती आणि जळण महाग झाले, स्लॅबची घरे वाढली, तसे कितीतरी कारखाने बंद पडले. माझ्या छपरावरील कौलांचा कारखानाही त्यांतलाच. दुकानदार म्हणाला, "सर, हे कौल आता पैसे मोजूनही मिळायचे नाही. पत्रे घाला."

लहानपणी वडिलांना सिमेंटच्या परवान्यासाठी हेलपाटे घालताना मी पाहिले आहे. 1982 साली ते नियंत्रण सैल झाले आणि 1989 साली पूर्ण उठले. तेव्हा माल होता, पण परवाना नव्हता. आता परवान्याची कटकट नाही, तर हवा तो मालच नाही. नद्यांतील रेती काढण्यावर निर्बंध आल्यापासून रेतीचा भाव ऐकूनच माणूस गप्प होतो. आणि कौले चढवणारा जाणता मेस्त्री तर कौलाहून दुर्मिळ!

अशा वेळी मनाला पळवाटा सुचतात. एका परिचिताने सल्ला दिला, "भाडेकरूंना जाऊ द्या. स्लॅब घाला, पर्यटकांना द्या. तिप्पट उत्पन्न येईल." खोटे कशाला सांगू, दोन रात्री मी तो हिशेब कागदावर मांडला. तिसऱ्या दिवशी त्या बाईंना म्हणालो, "चतुर्थीपर्यंत दुसरीकडे सोय होते का, पाहा." त्या म्हणाल्या, "सर, आठ दिवसांपूर्वीच मी गावभर विचारून आले. अर्धी घरे कुलपात आहेत, उरलेली पाहुण्यांसाठी. या बाळाला घेऊन आम्ही जायचे कुठे?"

मी निरुत्तर झालो. 2011 च्या जनगणनेत देशातील शहरांमध्ये 1 कोटी 10 लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली होती. हा आकडा मी वर्गात कुतूहल म्हणून सांगत असे. त्याचा अर्थ त्या दिवशी दारात उभा राहिला. टंचाई कौलांची असते तशी भरवशाच्या घरमालकांचीही असते.

मग मी एक कौल उलटे केले, पाठीवरचा ठसा शिलालेखासारखा लावून वाचला आणि तो कागदावर उतरवून पाडापाडीची कामे घेणाऱ्या दोघातिघांकडे दिला. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या गावी एक जुने घर उतरवत असल्याचा निरोप आला. ठसा तोच! 340 कौले घेतली. वाटेत 30 फुटली. सत्तरी गाठलेले एक मेस्त्री केवळ आमच्या वडिलांच्या ओळखीखातर शिडी चढले. मृगाच्या दोन दिवस आधी काम संपले. एका कोपऱ्यात अजून थेंब पडतो, पण एकाच पातेल्यात.

या अनुभवातून चार गोष्टी शिकलो. शाकारणीची तयारी शिगम्यानंतर नव्हे, दिवाळीनंतरच सुरू करावी. कौले घेताना शंभरामागे दहा जास्त घ्यावीत आणि ती आडवी न रचता सावलीत उभी ठेवावीत. जुने कौल बोटाने वाजवून पाहावे. खणखणीत वाजले तर घ्यावे, बद वाजले तर त्याला तडा आहे असे समजावे. आणि कोणती दुरुस्ती कोणी करायची, हे भाडेकरारात स्पष्ट लिहावे. केंद्र सरकारच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात इमारतीची मुख्य दुरुस्ती आणि रंगसफेदी मालकाकडे, तर नळाचे वायसर, मोरीची सफाई यांसारखी किरकोळ कामे भाडेकरूकडे सोपवली आहेत. हा नमुना आहे, राज्याने स्वीकारल्यावाचून तो लागू होत नाही. पण करार लिहिताना मार्गदर्शक म्हणून उत्तम.

परवा रात्री धो धो पाऊस कोसळला. अंथरुणातून उठून मी कान दिला. पलीकडच्या खोलीत पातेले सरकल्याचा आवाज नव्हता. बाळ निजले असावे. मीही निजलो.