दाखला निघाला, मूल पोचले काय?

कळंबचा अथवा धाराशिवचा अडत्या सोयाबीनची पोती लातूरच्या बाजारात धाडतो, तेव्हा मालाबरोबर बिल्टी जाते आणि माल उतरल्याची पोच परत येते. पोच न आल्यास तो स्वस्थ बसत नाही. पोत्यांविषयी जी दक्षता, ती आपल्या जिल्ह्यातील मुलांविषयी कोणी घेतो काय? एका शाळेतून दाखला निघतो. दुसऱ्या शाळेत मूल पोचले की नाही, याची पोच कोणी मागत नाही व कोणी देतही नाही. आमच्या मते विद्यार्थ्यांची गळती जितकी शाळेत होते, त्याहून अधिक ती दोन शाळांमधील वाटेवर होते. आणि त्या वाटेला मात्र कोणी धनी नाही.

ही वाट दोन प्रकारची आहे. वाडीवस्तीवरील जिल्हा परिषदेची शाळा पुष्कळ ठिकाणी चौथीस संपते, गावची सातवीस संपते. पुढील इयत्तेसाठी शेजारच्या मोठ्या गावी जावे लागते. मुलगा सायकलीवर जातो. मुलीच्या बाबतीत घरात विचार सुरू होतो, आणि त्या विचाराचा शेवट बहुधा लग्नात होतो. सरकारने पाचवीपासून पुढील मुलींस अहल्याबाई होळकर यांच्या नावे एस. टी.चा प्रवास मोफत केला, हे योग्यच झाले. परंतु शाळेच्या घंटेशी गाडीच्या वेळेचा मेळ नसेल, तर फुकट पासाचा उपयोग काय?

दुसरी वाट याहून बिकट आहे. भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल आधीच घेतलेली असते. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. थोरली मुलगी फडात धाकट्यास सांभाळते, आणि टोळी परतते तोवर वार्षिक परीक्षेचे दिवस आलेले असतात. या अवधीत गावच्या हजेरीपटावर मुलाचे नाव असते, पण मूल नसते. कारखान्याच्या गावी मूल असते, पण पटावर नाव नसते.

कायदा नाही म्हणून असे घडते, असे कोणी म्हणू नये. नामदार गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे बिल मांडले व १९१२ साली ते फेटाळले गेले. तो काळ परसत्तेचा होता. स्वराज्यात शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अंमलात आहे. त्याच्या ५ व्या कलमाप्रमाणे मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ दिला पाहिजे, आणि दाखल्यास विलंब झाला या सबबीवर दुसऱ्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. ९ व्या कलमाने स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश स्थानिक संस्थेच्या माथी घातला आहे. कायद्याचे अभिवचन आठवीपर्यंतचे आहे. मग गावची शाळा सातवीस थांबली तर आठवीचे उत्तरदायित्व थांबते, असा अर्थ कोणत्या न्यायाने काढावयाचा?

आईबापच मुलांस नेतात, त्यास शाळेने काय करावे, असा आक्षेप घेण्यात येतो. पण मागे म्हातारी एकटी असेल, अथवा कोणीच नसेल, तर लेकरू कोणाच्या ओसरीवर ठेवावयाचे? यासाठीच हंगामी वसतिगृहांची योजना आहे. शिवाय ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ८२ शासकीय वसतिगृहांस २०२१ साली मान्यता मिळाली. परंतु टोळी गेल्यावर महिनाभराने उघडणारे वसतिगृह हे पीक वाळल्यावर पडणारा पाऊस होय.

आमच्या सूचना तीनच आहेत. पहिली, चौथी व सातवीच्या शिक्षकांनी उन्हाळी सुटीपूर्वी मुलांस पुढच्या शाळेत स्वतः नेऊन दाखवावे, व जूनअखेर त्या शाळेने नाववार लेखी पोच द्यावी. ज्याची पोच नाही, त्याच्या घरी आठ दिवसांत कोणी तरी जावे. दुसरी, वसतिगृहाचे धान्य व माणसे दसऱ्यापूर्वी सिद्ध असावीत. तिसरी, जी मुले टोळीबरोबर जातीलच, त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यावे, आणि कारखान्याच्या गावच्या शाळेने कळविल्यावाचून गावच्या शाळेने ती बाब मिटली असे समजू नये.

यांत नागरिकांचाही वाटा आहे. १९४८ पूर्वी निजामी अमदानीत याच जिल्ह्यात हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा चालली, स्वामी रामानंद तीर्थांनी तेथे विद्यादान केले. ती काही सरकारी कृपेने चालली नव्हती. आज शाळा आहेत, शिक्षक आहेत, कायदाही आहे. उणीव आहे ती हाताला धरून पुढच्या दारापर्यंत पोचविणाऱ्याची. ज्या व्यापाऱ्यांच्या पेठा या कष्टकऱ्यांच्या मिळकतीवर फुलतात, त्यांनी आपल्या तालुक्यातील एका वसतिगृहाची चौकशी दसऱ्यापूर्वी जातीने करावी. एवढ्याने सर्व साधेल असे नव्हे. पण कोणी विचारणारा आहे, हे कळले म्हणजे कचेरीतील कागदही हलू लागतात.