घरच्या घरी ध्वनिमुद्रण

आमच्या आजीला जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी पाठ होत्या. साताऱ्याकडून लग्न होऊन ती इंदुरास आली, तेव्हा माहेराहून तिने बरोबर आणलेले खरे धन तेच. त्यांपैकी आज आमच्यापाशी काय उरले आहे? एका लग्नघरी मोबाईलवर घाईघाईने टिपलेली एक ओवी, आणि तीही अर्धी. पुढे पंख्याची घरघर व भांड्यांचा आवाज एवढेच ऐकू येते. घरात संगणक होता, आजीही होती. नव्हती ती आम्हांस बुद्धी. ही चूक आमच्या विद्यार्थिमित्रांनी करू नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गायन मुद्रित झाले, तेव्हा कर्ण्यात तोंड घालून गावे लागे आणि तबकडीत जेमतेम तीन मिनिटे मावत. अल्लादियाखाँसाहेबांसारखे गवई १९४६ साली गेले. त्यांचे गाणे आज आपणांस शिष्यांच्या कंठातूनच कळते. आता मात्र हे साधन घरोघरी आले आहे. मग ते केवळ खेळापुरतेच वापरावे काय?

संगणकाची कृती समजण्यास कठीण नाही. मायक्रोफोन हवेतील कंपनांचे विजेच्या लहरींत रूपांतर करतो व संगणक त्या लहरीची उंची एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजून आकड्यांत लिहून ठेवतो. मनुष्याच्या कानास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा स्वर ऐकू येतो; तो नीट टिपावयाचा तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी हवी, म्हणून हा आकडा.

आरंभी पुष्कळ पैसा ओतावा लागतो, ही समजूत चुकीची आहे. संगणकास सरळ जोडता येणारा एक साधा मायक्रोफोन व कानावर घट्ट बसणारा हेडफोन एवढ्यावर काम सुरू होते. ऑडॅसिटी नावाची संगणकप्रणाली २००० सालापासून विनामूल्य मिळते. ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांनी मोबाईलनेच आरंभ करावा. आमच्या मते यंत्रापेक्षा खोली महत्त्वाची. रिकाम्या खोलीच्या भिंती आवाज परत फेकतात. तेथे दोन-चार गोधड्या टांगाव्या, अथवा कपड्यांचे कपाट उघडून त्याच्यासमोर बसावे. पंखा बंद करावा. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर दूर व किंचित बाजूस ठेवावा, म्हणजे 'फ' आणि 'भ' उच्चारताना श्वासाचा फटका त्यावर बसत नाही. आवाजाची पातळी दाखविणारी पट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्यावी. ती शून्यास भिडली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज मागाहून नीटसा सांधता येत नाही. तंबोरा हेडफोनमध्ये ऐकावा, म्हणजे तो गळ्याच्या मुद्रणात मिसळत नाही; पेटी व तबला निराळ्या पदरांवर घेऊन नंतर एकत्र करता येतात.

वडीलधारी मंडळी विचारतील की, बेसूर झालेला स्वर यंत्र सुधारून देते, मग रियाज कोण करील? हा आक्षेप पोकळ नाही. परंतु आमचा अनुभव असा की, आपलाच आवाज प्रथम ऐकताना जी लाज वाटते, तिच्यासारखा गुरू नाही. म्हणून आमचे सांगणे असे की, पहिले वर्षभर स्वर सुधारण्याच्या युक्तीस हातच लावू नये. चुकले तर पुन्हा गावे. आरसा चेहरा दाखविण्यासाठी आहे, रंगविण्यासाठी नव्हे.

आणि केवळ स्वतःचेच मुद्रण करून थांबू नये. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. परंतु मराठी माणसे माळव्यात, ग्वाल्हेरीस, बडोद्यास पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यांच्या घरांतील मंगळागौरीची गाणी, आरत्यांच्या चाली, अंगाईगीते घरच्या मुलांखेरीज कोण टिपणार? आजीची अनुमती घ्यावी, तिला घाई करू नये, आणि शेवटी तिचे नाव, गाव व तारीख तिच्याच तोंडून वदवून घ्यावी. मूळ मुद्रण वेव्ह स्वरूपात ठेवावे. एका मायक्रोफोनच्या मुद्रणास मिनिटाला सुमारे ५ मेगाबाइट जागा लागते, ती आज कोणास जड नाही. त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी असाव्या.

येती सुट्टी दीड महिन्याची आहे. तीतील एक दुपार पंखा बंद करून, उकाडा सोसून, आजीजवळ बसण्यात घालवावी, एवढेच आमचे मागणे आहे. आम्हांस ती दुपार आता मिळणार नाही.