नागाचे पूजन आणि नागाचा लिलाव

आज श्रावण शुद्ध पंचमी. सोलापूरच्या पेठांपासून भीमा-सीनेच्या काठावरील वाड्यावस्त्यांपर्यंत आज घरोघरी पाटावर गंधाने नाग रेखाटले जातील, लाह्या-दुधाचा नैवेद्य दाखविला जाईल, माहेरवाशिणी वारुळाला जाऊन येतील. आज चिरावयाचे नाही, कापावयाचे नाही, तळावयाचे नाही, शेतात नांगर धरावयाचा नाही. या सर्व निषेधांमागील भाव एकच आहे. भूमीच्या पोटात राहणाऱ्या जीवाला आज तरी आपल्या हातून इजा होऊ नये, हा तो भाव. मोहोळ-वडवळच्या नागनाथाला पिढ्यान्‌पिढ्या मानणाऱ्या या जिल्ह्याला तो कोणी नव्याने शिकवावयास नको. परंतु हाच भाव भांडवल करून कोणी बाजार मांडू लागला, तर भाविकाने सावध झाले पाहिजे. आजच्या सणाच्या दिवशी हा विषय काढण्याचे कारण तेच आहे.

गेल्या श्रावणातील गोष्ट. एका गावी कीर्तन आटोपले, बुक्का लावून मंडळी पांगली. एक माउली मात्र मागे थांबली. तिने विचारले, "बुवा, दुतोंड्या साप घरात आला की लक्ष्मी येते म्हणतात. हे शास्त्रात आहे का हो?" खोदून विचारता सारी हकीकत कळली. यंत्रमागावर काम करणारा तिचा मुलगा मोबाइलवरील एका लिलावात गुंतला होता. "पाळण्यास निरुपद्रवी, घरास लाभदायक" अशा सापाची बोली म्हणे एका रुपयापासून! सहा आठवड्यांत बहिणीच्या लग्नासाठी साठविलेल्या पैशांतून अठरा हजार रुपये गेले. साप आला नाही. "आता थांबलो तर गेलेले सगळे वाया जाईल, असे तो म्हणतो," हे सांगताना तिचा आवाज कापत होता.

लिलाव आम्हा सोलापूरकरांना नवा नाही. आमच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो, तेव्हा माल डोळ्यांसमोर ओतलेला असतो, बोलणारा व्यापारी समोर उभा असतो आणि ज्याची बोली मागे पडली त्याच्या खिशातून एक पैसाही जात नाही. पैशापैशाने चढणाऱ्या या ऑनलाइन लिलावाची रीत याच्या नेमकी उलट आहे. तेथे बोली लावण्याचेच दाम मोजावे लागतात. उदाहरणार्थ, एका बोलीला वीस रुपये पडतात आणि त्या बोलीने वस्तूची किंमत केवळ दहा पैशांनी वाढते असे समजू. वस्तू तीनशे रुपयांना सुटली, तर तोपर्यंत तीन हजार बोल्या झालेल्या असतात आणि मांडणाऱ्याच्या पदरात साठ हजार रुपये पडलेले असतात. जिंकणारा एक, गमावणारे असंख्य! शिवाय प्रत्येक नव्या बोलीबरोबर घड्याळ काही क्षण पुढे सरकते, त्यामुळे "आता आपलीच" असे वाटत असतानाच शेवट लांबतो. पलीकडून बोली लावणारा खरा मनुष्य आहे की मांडणाऱ्यानेच उभा केलेला बनाव आहे, हे कळावयास मार्ग नसतो. याला लिलाव म्हणणे केवळ नावापुरते. स्वभावाने हे द्यूतच होय.

द्यूताचे मर्म महाभारताच्या सभापर्वाने फार पूर्वी उघड करून ठेवले आहे. धर्मराज अज्ञानी नव्हता, लोभीही नव्हता. तरी तो डावावरून उठू शकला नाही. प्रत्येक हार त्याला पुढच्या डावाकडे ढकलीत राहिली. "गेलेले वाया जाऊ नये" हे त्या तरुणाचे वाक्य त्याच सभेतील आहे. म्हणून अशा मुलाला मूर्ख म्हणून हिणवू नये. जेथे युधिष्ठिर सापडला, तेथे सामान्याची काय कथा!

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे वळू. दुतोंड्या घरात ठेवल्याने लक्ष्मी येते, असे वचन आमच्या अध्ययनात कोठेही आढळले नाही. परंतु केवळ आमच्या शब्दावर तरी का विसंबावे? न्यायशास्त्राने सत्य पारखण्याची साधने दिली आहेत, ती लावून पाहावीत. पहिले प्रत्यक्ष. मोबाइलवरील चित्र हे प्रत्यक्ष नव्हे. ते कोणाचे, कोठले, केव्हाचे हे आपणांस ठाऊक नसते. दुसरे अनुमान. ज्या सापाने धनाची रास पडते, तो साप विकून धन मिळविण्याची पाळी विकणाऱ्यावर का यावी? तिसरे शब्द. परंतु शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे जाणत्या आणि सत्यवक्त्या पुरुषाचा. ज्याचा ठावठिकाणा नाही त्याचा नव्हे. वेदान्तात अंधारात दोरीवर साप भासल्याचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. तेथे निदान दोरी तरी असते. येथे तीही नाही!

दुतोंड्या म्हणजे आपल्या शेतातील मांडूळ. त्याला तोंड एकच असते. शेपटी बोथट असल्याने ती दुसऱ्या तोंडासारखी दिसते, एवढेच. काही गारुडी तर शेपटीवर व्रण करून डोळे-तोंडाचा आभास निर्माण करीत. हा बिनविषारी जीव भुसभुशीत मातीत राहतो, उंदीर-घुशी खातो आणि कोणतेही वेतन न घेता शेतकऱ्याच्या धान्याची राखण करतो. त्याच्यापासून लक्ष्मी मिळते ती एवढीच, आणि तीही तो शेतात मोकळा असेल तरच.

नाग, अजगर, धामण, मांडूळ या सर्वांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना पकडणे, बाळगणे, विकणे व विकत घेणे हा गुन्हा असून त्यास कारावासाची शिक्षा आहे. परदेशी जातीचे साप म्हणून कोणी पळवाट दाखवील, तर अशा अनेक संरक्षित परदेशी प्राण्यांची नोंदणी करण्याचे नियमही २०२४ साली झाले आहेत. अर्थात हिशेब सरळ आहे: साप खोटा निघाला तर पैसा गेला, खरा निघाला तर धर्म गेला. फसविणाऱ्याचे खरे बळ येथेच आहे. वस्तूच निषिद्ध असल्याने फसलेला मनुष्य लाजेने आणि भयाने तोंड उघडीत नाही.

नागपंचमीशी आस्तिकाची कथा जोडलेली आहे. परीक्षिताच्या मृत्यूने संतप्त झालेल्या जनमेजयाने सर्पसत्र आरंभिले आणि तक्षक अग्नीत पडणार, तोच बालवयाच्या आस्तिकाने वर मागितला तो सत्र थांबविण्याचा. राजा धन द्यावयास सिद्ध होता. आस्तिकाने धन घेतले नाही, जीव वाचविले. सापाकरवी धन मिळविण्याची इच्छा करणाराने हा प्रसंग आठवावा.

तेव्हा सुज्ञ गृहस्थांनी आज पूजेनंतर एवढे करावे. घरातील मुलांना जवळ बसवून या लिलावाचा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. कोणी फसला असेल, तर त्याला न रागावता १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. सापांची विक्री चालल्याचे कळल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर सांगावे. नागाची पूजा पाटावरील चित्राची करावी किंवा दुरून वारुळाची. जिवंत सापाला दूध पाजण्याचा आग्रह धरू नये, दूध हा त्याचा आहार नव्हे.

त्या माउलीच्या मुलाने त्याच रात्री आईच्या देखत बोली थांबविली. गेलेले अठरा हजार परत आले नाहीत. एकोणिसावे मात्र गेले नाहीत. प्रश्न विचारल्याने तिची श्रद्धा उणी झाली नाही. उलट बहिणीच्या लग्नाचे उरलेले पैसे त्या एका प्रश्नानेच वाचले. आजच्या दिवशी नागदेवता सर्वांना अशीच विचारण्याची बुद्धी देवो.