स्वेटर विणला कुणी, नाव झालं कुणाचं?

थंडी पडली की शहरात तिबेटी स्वेटरवाल्यांची रांग लागते. तिथे एक डिझाइन तुम्ही नक्की पाहिलं असणार. निळा स्वेटर, छाती-खांद्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्या आणि त्यात चौकड्या-फुल्यांची नक्षी. मनालीच्या ट्रिपचे फोटो काढायला भारी दिसतं म्हणून मीही त्या जातीचा एक घेतला होता. हे डिझाइन नॉर्वेचं आहे आणि त्याला एका फायटर पायलटचं नाव आहे, हे मला या वर्षी कळलं.

त्याचं नाव मारियस एरिकसन. गोष्ट एकदम फिल्मी आहे, बरं का. १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे घेतलं तेव्हा हा सतरा वर्षांचा. पुढे तो ब्रिटनमधून लढणाऱ्या नॉर्वेजियन स्क्वाड्रनमध्ये स्पिटफायर उडवायला लागला. १९४३ मध्ये त्याचं विमान पाडलं गेलं आणि त्याची रवानगी श्टालाग लुफ्ट थ्री या कैद्यांच्या छावणीत झाली. (‘द ग्रेट एस्केप’ पाहिलाय ना? तीच छावणी.) युद्ध संपल्यावर पठ्ठ्या परत बर्फात. १९४८च्या सेंट मॉरिट्झ ऑलिम्पिकमध्ये स्कीइंगला उतरला. धाकट्या भावाने, स्टाइनने, तर १९५२ मध्ये ओस्लोला गोल्डच मारलं. दिसायला देखणा, युद्धातला हीरो, वर खेळाडू. १९५४ मध्ये तो एका सिनेमात हा स्वेटर घालून दिसला, विणकामाच्या पॅटर्नसाठी त्याने मॉडेलिंगही केलं. मग काय, स्वेटरच ‘मारियस’ झाला.

आता मला खटकलेली गोष्ट. मारियसने या स्वेटरचा एक टाकासुद्धा घातलेला नाही. १९५३ मध्ये हा पॅटर्न ऊन सॉयलान्ड डाले या बाईंनी तयार केला आणि सान्नेसच्या लोकरीच्या गिरणीला विकला. नॉर्वेत दुसरी बाजूही सांगितली जाते. मारियसची आई बिटेन मुलांसाठी असे स्वेटर विणायची, मूळ कल्पना तिची, असं म्हणणारे आहेत. आणि या दोघींच्याही मागे सेटेसडाल नावाचं खोरं आहे. तिथले पुरुष एकोणिसाव्या शतकापासून काळ्यावर पांढरे ठिपके असलेला ‘लूसेकोफ्टे’ घालत आलेत. लूस म्हणजे ऊ! ठिपके उवांसारखे दिसतात म्हणून. ऊन यांनी तिथली जुनी नक्षी घेतली आणि तिला नॉर्वेच्या झेंड्याचे लाल-पांढरा-निळा रंग दिले. पाच वर्षांच्या गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या देशात हे रंग काय वाटले असतील, विचार करा. त्याच देशात १९४२ मध्ये विणलेल्या लाल टोप्यांवर बंदी आली होती, कारण त्या घालणं म्हणजे नाझींना विरोध, असा अर्थ झाला होता.

तुम्ही म्हणाल, मारियस नसता तर पॅटर्न इतका चालला असता का? कदाचित नसता. मला ते मान्य आहे. चेहऱ्याने माल खपतो, हे मास कॉमच्या पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात. शिवाय त्याने युद्धात जे भोगलं ते खरंच होतं, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण खपवणारा आणि करणारा हे दोघं वेगळे असतात. एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याचं आपोआप पुसलं जातं, आणि मग डोकं कुणाचं होतं यावर पुढच्या पिढ्या वाद घालत बसतात. स्वेटर विणणं म्हणजे टाइमपास वाटतो आपल्याला. माझी मावशी विणते, म्हणून सांगते: दोन रंगांची नक्षी घालताना प्रत्येक ओळीत टाके मोजावे लागतात, आणि एक चुकला की सगळं उसवायचं. तिला मी मारियसचा फोटो दाखवला तर तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. झूम करून नक्षी बघत बसली. “मागून दोरा बरोबर ओढलाय गं, कुणी विणलाय?” हा प्रश्न मला गोष्ट वाचताना पडायला बराच वेळ लागला होता.

हे सगळं आत्ताच का आठवलं? गेल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या फेस्टचा हुडी आमच्याच वर्गातल्या एका मुलीने डिझाइन केला. तीन रात्री जागून, फुकट. पाठीवर स्पॉन्सर छापले, अख्ख्या कमिटीची नावं छापली. ती कमिटीत नव्हती, म्हणून तिचं नाव नाही. हुडीला आजही सगळे कमिटीच्या हेडच्या नावाने ओळखतात, कारण रीलमध्ये तो होता. मीही तो हुडी घातला आणि तेव्हा एक शब्द बोलले नाही.

या वर्षीचा हुडी पुढच्या आठवड्यात प्रिंटला जातोय. डिझाइन पुन्हा तिचंच आहे. नाव टाका, असं मी काल ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आलेत, बाकी सगळे ‘सीन’ करून गप्प आहेत.